शर्यतीच्या रविवारी बाबा

मी मोटार शर्यतींत दोनदा राष्ट्रीय विजेती झाले आहे आणि आमच्या घरात गाडी चालवण्यात माझा नंबर दुसरा लागतो. पहिला नंबर बाबांचा. हा निकाल बाबांनीच लावलेला आहे आणि त्यावर दाद मागायची सोय नाही. आईला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे दुसरा म्हणजे शेवटचाच.

कसबा पेठेत बाबांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता आणि बाबा. ज्या गल्लीत हे स्कूल आहे तिथे मोटार शिरतच नाही, पण इतक्या वर्षांत बाबांना ही अडचण कधी वाटली नाही. गाडी नदीकाठी उभी असते. विद्यार्थ्याने तिथपर्यंत चालत यायचं. कुणी कुरकुर केली तर बाबा म्हणतात, ‘‘आधी पादचारी व्हा. त्याला काय काय सहन करावं लागतं ते कळू दे.’’

या गाडीला डाव्या बाजूला, शिकवणाऱ्याच्या पायाशी, आणखी एक क्लच आणि आणखी एक ब्रेक आहे. शिकणारा चुकला की बाबा आपल्या पायाने गाडी थांबवतात. ॲक्सिलरेटर मात्र डावीकडे नाही, आणि बाबांना तो हवासाही वाटला नाही. गाडी पळवणं हे काम इंजिनाचं आहे, माणसाचं काम ती थांबवणं, असं त्यांचं मत. अशा माणसाच्या पोटी मी जन्मले.

आई नोकरी करायची, म्हणून शाळा सुटली की मी बाबांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून गृहपाठ करायचे. पुढे कुणीतरी घामाघूम होऊन क्लच सोडत असे, गाडी आचके देत असे, आणि माझं अक्षर त्या काळात जे बिघडलं ते आजतागायत सुधारलेलं नाही. पाढे मला उशिरा आले, पण हाताचे इशारे तोंडपाठ होते. उजवीकडे वळायचं असेल तर उजवा हात खिडकीबाहेर सरळ काढायचा. वेग कमी करायचा असेल तर तोच हात वरखाली हलवायचा. डावीकडे वळायचं असेल तर हात बाहेर काढून गोल फिरवायचा. सगळ्या गाड्यांना इंडिकेटर येऊन जमाना झाला होता, तरी बाबांच्या वर्गात हात दाखवल्याशिवाय वळायला मनाई होती. ‘‘बल्ब जातो, हात जात नाही,’’ ते म्हणायचे.

मी बारा वर्षांची झाले तेव्हा मामा मला शहराबाहेरच्या एका कार्टिंगच्या ट्रॅकवर घेऊन गेला. कार्ट म्हणजे ना दार, ना छप्पर, जमिनीला जवळजवळ पोट टेकवून पळणारी एवढीशी गाडी. मी तिच्यात बसले, पाय दाबला, आणि पुढची दहा मिनिटं कुणीही मला ‘हळू’ म्हणालं नाही. अशी दहा मिनिटं माझ्या आयुष्यात त्याआधी आलीच नव्हती. उतरले तेव्हा मामाला सांगितलं की मी आता हेच करणार. मामाला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. वीस वर्षं टिकलं.

पहिली शर्यत सहा महिन्यांनी झाली. लहान मुलांच्या गटात आम्ही सात जण होतो. मी दुसऱ्या नंबरवर होते आणि प्रत्येक वळणाआधी रीतसर हात दाखवत होते. उजवं वळण आलं की उजवा हात सरळ बाहेर. डावं वळण आलं की हात गोल गोल. आता शर्यतीत हात वर किंवा बाहेर केला की त्याचा अर्थ होतो, ‘माझी गाडी बिघडली आहे, मागच्यांनी सांभाळून या.’ हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं, कारण हातांबद्दल मला सगळं येतं अशी माझी खात्री होती. मागची मुलं बिचारी प्रत्येक वळणावर वेग कमी करायची. मी दुसरी आले. मागच्या तिघांनी तक्रार केली आणि मला पंचांपुढे उभं करण्यात आलं.

‘‘हात का दाखवत होतीस?’’ पंचांनी विचारलं.

‘‘उजवीकडे वळायचं होतं.’’

‘‘अगं, ट्रॅकच उजवीकडे वळतो. सगळेच वळणार.’’

‘‘म्हणून काय न सांगता वळायचं?’’

पंच बराच वेळ कपाळ चोळत राहिले. शेवटी त्यांनी मला दुसऱ्या नंबरवरून सातव्यावर ढकललं. घरी येऊन मी रडून गोंधळ घातला. आजीच्या वयाच्या शेजारीण काकूंनी ‘हात दाखवून अवलक्षण’ एवढंच म्हणून दार लावून घेतलं. बाबा मात्र गंभीरपणे टेबलाशी बसले आणि त्यांनी आयोजकांना पत्र लिहिलं. ‘माझ्या कन्येने प्रत्येक वळणापूर्वी योग्य इशारा दिला. अन्य सहा स्पर्धकांनी एकही इशारा दिला नाही. दंड कोणास व्हावयास हवा, याचा आपण शांत चित्ताने विचार करावा.’ उत्तर आलं नाही. बाबांनी स्मरणपत्र पाठवलं. त्यालाही आलं नाही, तेव्हा त्यांनी या खेळाशी संबंध तोडून टाकला.

म्हणजे माझ्याशी नाही तोडला. मला डबा मिळत होता, मामाबरोबर जायची परवानगी मिळत होती, आजारी पडले तर औषध मिळत होतं. फक्त शर्यतीला बाबा आले नाहीत. तेव्हा नाहीत, आणि पुढेही वर्षानुवर्षं नाहीत.

मी मोठी होत गेले. कार्टमधून खऱ्या शर्यतीच्या गाडीत आले, एकाच माणसाची जागा असलेली, डोकं उघडं राहणारी ती लांबोडकी गाडी. ट्रॅक सगळे दक्षिणेत, त्यामुळे चेन्नई आणि कोइमतूरच्या खेपा सुरू झाल्या. अठरा पूर्ण झाली तेव्हा रस्त्यावर गाडी चालवायचा परवाना काढायची वेळ आली. त्या वर्षी मी दोन शर्यती जिंकलेल्या होत्या. बाबांनी मला आपल्या स्कूलमध्ये पहिल्या दिवसापासून बसवलं. पहिला धडा, गाडीचं दार कसं उघडावं.

‘‘बाबा, मी ताशी दोनशेच्या वेगाने गाडी चालवते.’’

‘‘तिथे समोरून कुणी येतं का?’’

‘‘नाही.’’

‘‘डावीकडून स्कूटर घुसते? मध्येच हातगाडी उभी असते? एखादे आजोबा रस्ता ओलांडता ओलांडता ‘आपण गॅस बंद केला का’ म्हणून परत फिरतात?’’

‘‘नाही.’’

‘‘मग तिथे कुणीही चालवेल.’’

आरटीओच्या परीक्षेआधी बाबा स्वतः रंगीत तालीम घेतात. त्या तालमीत त्यांनी मला तीनदा नापास केलं. पहिल्यांदा आरसा पाहिला नाही म्हणून, दुसऱ्यांदा पाहिला पण पाहिल्यासारखा वाटला नाही म्हणून, आणि तिसऱ्यांदा चेहऱ्यावर आत्मविश्वास दिसला म्हणून. माझ्याबरोबरचा एक मुलगा, जो दोन महिने पहिल्या गिअरमध्येच जगत होता, तो माझ्या आधी पास झाला. मी इतकी संतापले होते की आठवडाभर बाबांशी बोलले नाही. बाबांना ते कळलं असावं, पण त्यांनी काही फरक पडल्याचं दाखवलं नाही.

पहिल्यांदा राष्ट्रीय विजेतेपद मिळालं तेव्हा पेपरात फोटो आला. चषक डोक्यावर धरलेला, केस विस्कटलेले. गल्लीत अभिनंदनं झाली, आपल्या पद्धतीने. समोरचे निवृत्त मास्तर म्हणाले, ‘‘एवढ्या जोरात गेलीस, आणि पोचलीस कुठे? निघालीस तिथेच. मग निघायचं कशाला?’’ बाबांनी फोटो नीट कापला आणि स्कूलमध्ये भिंतीवर चिकटवला. मला भरून आलं. मग जवळ जाऊन पाहिलं तर तो वाहतूक चिन्हांच्या तक्त्याला लागून, ‘धोक्याच्या सूचना’ या मथळ्याखाली, ‘पुढे तीव्र उतार’ आणि ‘दरड कोसळण्याची शक्यता’ यांच्या शेजारी होता. नवे विद्यार्थी विचारायचे, हे कसलं चिन्ह.

प्रत्येक मोसमात मी बाबांना एकदा विचारायचे. ‘‘या वेळी येता?’’ ते डायरी उघडायचे, चष्मा वर सरकवायचे, आणि म्हणायचे, ‘‘रविवार आहे. रविवारी बॅच असते.’’ शर्यती रविवारीच असतात. नोकरदार माणसं रविवारीच गाडी शिकतात. वादाला जागाच नव्हती. मी ‘बरं’ म्हणायचे आणि बॅग भरायला घ्यायचे. राग यायचा, असं मी मैत्रिणींना सांगायचे. राग नव्हता तो, मला वाईट वाटायचं. देशभरातले लोक माझी शर्यत पाहायला येत होते आणि माझ्या बापाला कुणा नवशिक्याचा रिव्हर्स गिअर जास्त महत्त्वाचा वाटत होता.

दोन वर्षांपूर्वी पाठीने संप पुकारला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की शर्यत आणि पाठ यांपैकी एक निवडा. मी मोसमातली शेवटची शर्यत खेळून थांबायचं ठरवलं. आणि मनाशी हेही ठरवलं की या एका शर्यतीला बाबा आले पाहिजेत. मागे गेलेल्या सगळ्या शर्यती मी सोडून द्यायला तयार होते. ही एक नाही.

नेमकं तेव्हाच बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. महिनाभर गाडी शिकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. बाबांनी बाकी सगळ्यांना पुढची तारीख दिली, पण एका विद्यार्थिनीची परीक्षा तोंडावर आली होती. डोळ्यावर पट्टी बांधून खाटेवर पडल्या पडल्या ते मला म्हणाले, ‘‘तेवढ्या बाईंना तू घे.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘जमेल तसं.’’

या बाई खराडीच्या. वय छप्पन. पूर्वी त्यांची तिथे शेती होती, आता त्याच जमिनीवर काचेच्या इमारतींमध्ये सॉफ्टवेअर पिकतं. दारात तीन गाड्या, घरात दोन कर्तबगार मुलगे, आणि तरी त्या दर वेळी दोन बस बदलून कसब्यात गाडी शिकायला यायच्या.

‘‘एवढ्या लांब कशाला येता, काकू?’’ मी पहिल्याच दिवशी विचारलं.

‘‘गावात शिकले तर भावकी हसंल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आन् घरी किल्ली मागितली की पोरं म्हंत्यात, आई, कुठं जायचं सांग, सोडतो. मला कुठं जायचं त्ये सांगायचंच न्हाय. म्हनून तर शिकतीय.’’

मला त्या लगेच आवडल्या. मी डावीकडे बसले, त्यांनी गाडी सुरू केली, आणि पुढच्या पाऊण तासात मला स्वतःबद्दल जे कळलं ते शर्यतीच्या वीस वर्षांत कळलं नव्हतं. मी भित्री आहे. ताशी दोनशेला माझी नाडी जागची हलत नाही, पण काकू ताशी बारा किलोमीटरने एका उभ्या हातगाडीकडे निघाल्या आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी ब्रेक दाबला. हातगाडी अजून शंभर पावलांवर होती. मग मी कबुतरांसाठी ब्रेक दाबला. मग एका बंद दुकानासाठी, कारण ते उघडेल असं वाटलं. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, वेग दुसऱ्याच्या पायात, आणि आपण शेजारी नुसतं बसायचं, हा प्रकार भयंकर होता.

स्वारगेटला मी एकदा इतक्या जोरात ब्रेक दाबला की गाडी सिग्नलच्या मधोमध बंद पडली. काकूंनी किल्ली फिरवली, माझा पाय ब्रेकवरून निघेना. मागे बस, बाजूला बस, आणि उजवीकडून एक रिक्षावाला खिडकीत वाकून शांतपणे म्हणाला, ‘‘होऊ द्या सावकाश. आमची पोरं मोठी होतील तोवर, काही घाई नाही.’’

पलीकडे जाऊन काकूंनी गाडी स्वतःच कडेला घेतली. आरसा पाहून, हात दाखवून. हातरुमालाने कपाळ पुसत त्या म्हणाल्या, ‘‘ताई, राग मानू नका. सर आदी सांगत्यात, मंग दाबत्यात. तुमी आदी दाबता आन् मंग वरडता.’’

‘‘चुकलंच माझं.’’

‘‘सरांची ती शर्यतीत गाडी चालवनारी पोरगी, ती तुमीच का दुसरी कुनी?’’

मीच ती, असं मी कबूल केलं. काकूंना ते पटायला जरा वेळ लागला. ‘‘म्हंजे तुमच्यामुळंच माजे रविवार बुडले व्हय,’’ त्या म्हणाल्या.

‘‘माझ्यामुळे? ते कसे?’’

‘‘मला रविवारच सोयीचा. पन सर मधीच म्हनायचे, या रविवारी बॅच न्हाय, पोरीची शर्यत हाय. दोनदा झालं तसं. मला वाटलं, सर जात असत्याल बघायला.’’

परत येताना काकूंनी नदीकाठापर्यंत गाडी अगदी सुरेख आणली आणि मी एकदाही ब्रेक दाबला नाही, कारण माझं लक्षच नव्हतं.

घरी येऊन आईला स्वयंपाकघरात गाठलं. ‘‘माझ्या शर्यतीच्या रविवारी बाबा काय करतात?’’

आई भाजी निवडत होती. ‘‘बसतात.’’

‘‘कुठे?’’

‘‘आतल्या खोलीत.’’

‘‘आणि बॅच?’’

‘‘तुझ्या शर्यतीच्या दिवशी यांनी कधी बॅच घेतलेली मला आठवत नाही,’’ आई म्हणाली. ‘‘मला वाटलं तुला माहीत आहे.’’

मी तशीच आत गेले. बाबा काळा चष्मा लावून रेडिओ ऐकत होते. मी म्हटलं, ‘‘बाबा, पुढच्या महिन्यात माझी शेवटची शर्यत आहे. रविवारी. त्या दिवशी बॅच नसते, हे मला कळलंय.’’

बाबांनी रेडिओ बंद केला. मला वाटलं, आता काहीतरी जड बोलतील. मग ते म्हणाले, ‘‘चेन्नईचं तिकीट आता कन्फर्म मिळेल का?’’

बाबा आले. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि आईने दिलेला दशम्यांचा डबा, अशा थाटात ते प्रेक्षकांत पहिल्या रांगेत ताठ बसले. त्याआधी पिटमध्ये, गाड्यांची तयारी चालते तिथे, आल्या आल्या त्यांनी माझ्या गाडीला एक फेरी मारली, आरसे किती छोटे आहेत ते पाहिलं आणि मेकॅनिकला मराठीत दोन सूचना केल्या. मेकॅनिकला मराठी येत नव्हतं, तो मान डोलावत राहिला. शर्यत सुरू व्हायच्या आधी मी लांबून पाहिलं. चष्म्याचा रोख सरळ ट्रॅकवर होता. मला इतका आनंद झाला की सुरुवातच चुकली आणि मी दोन नंबर मागे पडले.

शर्यत ठीक झाली. मी सहावी आले. शेवटची शर्यत म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका तरुण मुलीने हेल्मेटवर सही मागितली. ते सगळं तिथेच सोडून मी हातात हेल्मेट घेऊन धावत बाबांकडे गेले. ते कागदी कपातून कॉफी पीत होते.

‘‘कसं वाटलं?’’ मी विचारलं. धापा टाकत विचारलं, लहान मुलीसारखं.

‘‘कॉफी चांगली आहे.’’

‘‘शर्यत, बाबा.’’

त्यांनी कपात पाहिलं. ‘‘पाहिली नाही,’’ म्हणाले. ‘‘डोळे मिटले होते.’’

‘‘अख्खी शर्यत?’’

‘‘हो.’’

‘‘मग एवढ्या लांब आलात कशाला? डोळे मिटून तर घरीही बसता आलं असतं.’’

‘‘घरी तेच करायचो,’’ बाबा म्हणाले. ‘‘पण इथे मोजता येतं. चौदा गाड्या सुटल्या. पहिल्या एक-दोन फेऱ्यांना सगळा आवाज एकात एक होता, नाही जमलं. नंतर जरा सुट्या झाल्या. प्रत्येक फेरीला मोजत होतो. चौदा आल्या की झालं. चौदांत तू असणारच.’’ त्यांनी कॉफीचा घोट घेतला. ‘‘आठव्या फेरीला तेराच मोजल्या.’’

आठव्या फेरीला एका निळ्या गाडीचं इंजिन बंद पडलं होतं. तिचा चालक गवतावर गाडी उभी करून हात झटकत उतरला होता. त्याला खरचटलंही नव्हतं, आणि मी त्याच्या बाजूने पुढे जाताना फक्त एवढाच विचार केला होता की एक नंबर फुकट मिळाला.

‘‘मग?’’

‘‘तेव्हा उघडले. निळी थांबलेली दिसली. तुझी पुढे चालली होती. परत मिटले.’’

मी हेल्मेट खाली ठेवून त्यांच्या शेजारी बसले. ‘‘आणि घरी काय मोजायचात?’’

‘‘घरी काय मोजणार?’’ बाबा म्हणाले. ‘‘घरी तुझ्या फोनची वाट बघायची.’’

फोन मी प्रत्येक शर्यतीनंतर न चुकता करायचे. बक्षीस समारंभ, फोटो, सगळ्यांबरोबर जेवण, असं सगळं उरकून, सावकाश.